बंद पडलेला गावफलक पुन्हा चालवायचा असेल तर

विदर्भातल्या बऱ्याच गावांत पाराजवळ, वाचनालयाच्या भिंतीवर नाहीतर ग्रामपंचायतीच्या दारात एक काळा फळा असतो. वर पांढऱ्या ऑइलपेंटनं ‘वार्ताफलक’ लिहिलेलं, खाली कधीतरीच्या स्वातंत्र्यदिनाच्या शुभेच्छा, त्यातला ‘हार्दिक’ अर्धा पुसलेला. कोपऱ्यात बोअरची मोटार दुरुस्त करणाऱ्याचा फोन नंबर. लोक त्याच्या समोर एसटीची वाट पाहत उभे असतात आणि फळ्याकडे पाठ करून उभे असतात.

असा फळा पुन्हा सुरू करणं सोपं आहे. एका रविवारी चार पोरं जमतात, रंग देतात, फोटो काढतात. तो दिवाळीनंतरही चालू राहणं ही खरी अडचण, आणि हा लेख मुख्यतः त्याबद्दल आहे. माझं मत आधीच सांगून टाकतो: फळा अक्षरावर किंवा मजकुरावर चालत नाही, ठरलेल्या वारावर चालतो. अमुक दिवशी तिथं नवं काहीतरी असणारच, ही खात्री पटली की माणूस मान वळवतो. ती एकदा मोडली की उत्तम लिहिलेलंही कुणी वाचत नाही.

व्हॉट्सॲप असताना फळा कशाला, हे विचारणारे भेटतील. गावच्या ग्रुपवर सकाळी पंचवीस ‘सुप्रभात’ येतात आणि त्यांच्याखाली रेशनचा निरोप गाडला जातो. फोन पोराकडे, निरोप आजीसाठी. शिवाय ग्रुपवरचं खरं किती नि कुणीतरी पुढं ढकललेलं किती, ते कळत नाही. फळ्यावर लिहिणारा गावातलाच असतो, चुकलं तर त्याला दारात जाऊन विचारता येतं. म्हणून दोन्ही ठेवा. फळा मूळ आणि ग्रुपवर त्याचा फोटो, असा क्रम असू द्या.

आधी चौकशी, मग रंग

रंगाचा डबा आणण्याआधी, फळा आधी चालवायचा त्या माणसाकडे जाऊन बसा. बहुतेक ठिकाणी तो एकच असतो: डी.एड. झालेला मुलगा, वाचनालयाचा ग्रंथपाल किंवा तुकडोजी महाराजांच्या गुरुदेव सेवा मंडळातला एखादा उत्साही कार्यकर्ता. त्याला नोकरी लागली, तो नागपूरला किंवा पुण्याला गेला, आणि खडू कुणी उचलला नाही. मजकूर नव्हता म्हणून फळा बंद पडला असं क्वचितच ऐकायला मिळतं. कुठं कुठं दुसरंच कारण निघतं: फळ्यावर एका गटाचंच कौतुक यायचं म्हणून दुसऱ्या गटानं तो पाहणं सोडलं. हे कारण असेल तर जागा बदलल्याशिवाय किंवा लिहिणारे दोन्ही बाजूंचे घेतल्याशिवाय पुढं जाऊ नका. नव्या रंगाखाली जुनं भांडण झाकलं जात नाही.

त्याच फेरीत दहा-बारा लोकांना एवढंच विचारा की फळा चालू होता तेव्हा तुम्ही काय बघायचे? सुविचार असं कुणीच म्हणणार नाही. कापसाचा भाव, पाऊस, थ्री फेज लाईटची पाळी, कोण वारलं आणि तेरवी कधी, डॉक्टर कोणत्या दिवशी येतो, अशी उत्तरं येतील. बायकांना वेगळं विचारा. त्यांच्या यादीत नळाची वेळ, अंगणवाडीतलं लसीकरण, बचत गटाची बैठक आणि ‘लाडकी बहीण’ची ई-केवायसी असते, आणि पारावरच्या पुरुषांना त्यातलं निम्मं सुचत नाही. ही उत्तरं वहीत लिहून ठेवा. फळ्याचे रकाने यातूनच पडतात.

जागा, फळा, खडू

फळ्याचं तोंड उत्तरेला किंवा पूर्वेला असलेलं बरं. पश्चिमेच्या भिंतीवर मे महिन्यात दुपारनंतर उभं राहून वाचणं तर सोडाच, लिहिणाऱ्यालाही उभं राहवत नाही. वर दीड-दोन फूट पुढं आलेला पत्रा हवाच. श्रावणात झड लागली की पाऊस सरळ पडत नाही, तिरपा येतो, आणि रात्रीतून अख्खा अंक धुऊन नेतो. लोक कुठं थांबतात ते पाहून जागा ठरवा. एसटीचा थांबा, पीठगिरणी, रेशन दुकान, नळाची टाकी. ग्रामपंचायतीचं दार दिसायला मानाचं असतं, पण तिथं काम असलेलाच जातो, आणि बाया तर फारच कमी.

भिंत ज्याची, त्याची परवानगी लेखी घ्या. ग्रामपंचायतीची असेल तर सरपंच आणि ग्रामपंचायत अधिकाऱ्यांच्या नावे अर्ज, जिल्हा परिषद शाळेची असेल तर मुख्याध्यापक आणि शाळा व्यवस्थापन समिती. सार्वजनिक जागेवर विनापरवाना लिहिण्याला आळा घालणारा कायदा राज्यात १९९५ पासून आहे. तुमच्या फळ्यासाठी कुणी तो कायदा काढणार नाही, पण उद्या कुणाला फळा खुपला तर पहिला प्रश्न ‘परवानगी कुठं आहे’ हाच येतो. अर्जाची पोच जपून ठेवा.

आकार लहान ठेवा. चार फूट रुंद, तीन फूट उंच पुष्कळ झालं. मोठा फळा भरायला मजकूर लागतो, आणि रिकामा राहिलेला अर्धा भाग बंद पडल्यासारखा दिसतो. जुना पोपडा पत्र्यानं खरवडा, भेगा पुट्टीनं बुजवा, वाळल्यावर पॉलिश पेपर मारा आणि फळ्याच्या काळ्या रंगाचे दोन हात द्या. दुसरा हात पहिला पूर्ण वाळल्यावरच. मग निदान एक दिवस फळा तसाच सोडा. लिहिण्याआधी खडू आडवा धरून सगळ्या फळ्यावर घासा आणि कोरड्या फडक्यानं पुसा. हे केलं नाही तर पहिल्याच अंकाची अक्षरं फळ्यात बसतात आणि पुढं कितीही पुसलं तरी मागं भुतासारखी दिसत राहतात.

खडूची एक युक्ती शाळेतल्या रांगोळीवाल्या बाईंना माहीत असते: खडू थोडा वेळ साखरेच्या पाण्यात भिजवून ओलाच वापरायचा. अक्षर वाळल्यावर ठळक उमटतं आणि हाताच्या घासण्यानं सहज पुसलं जात नाही. पुसताना ओलं फडकं लागतं, एवढंच. कायमचे शब्द, म्हणजे फलकाचं नाव, रकान्यांच्या रेघा आणि मथळे, ऑइलपेंटनं रंगवून टाका. दर आठवड्याला रेघा ओढत बसण्यात उत्साह संपतो.

वार कोणता

आठवडी बाजाराचा. यावर मी फार वाद घालत नाही. बाजार कुणाच्या सोयीनं हलत नाही, पेरणी असो की वेचणी, तो भरतोच. लोकांच्या डोक्यात आठवडा त्याच वारापासून मोजला जातो, त्या दिवशी मजुरीचा हिशोब होतो, आजूबाजूच्या खेड्यांतली माणसं येतात. तुमच्या गावात बाजार भरत नसेल तर ज्या गावच्या बाजाराला तुमची माणसं जातात, त्याचा वार धरा.

लिहायचं मात्र आदल्या संध्याकाळी. बाजाराच्या दिवशी सकाळी लिहायला गेलात तर पहिली एसटी निघून गेलेली असते आणि निंदणाला जाणाऱ्या बाया वावरात पोहोचलेल्या असतात. गावात सायंप्रार्थना होत असेल तर तिच्यानंतरची वेळ उत्तम. माणसं तिथं आलेलीच असतात, एखादी बातमी तिथंच तपासून घेता येते, आणि रोज त्याच वेळी जमायची सवय त्या मंडळींना आधीच असते. तुकडोजी महाराजांच्या मोझरीच्या परंपरेतली ही शिस्त फळ्याला फुकटात मिळते.

रोज लिहायचा मोह टाळा. सुरुवातीला सगळेच म्हणतात, ‘रोजचं रोज टाकू, दहा मिनिटांचं काम आहे.’ जूनमध्ये पेरणी अंगावर आली की ती दहा मिनिटं सापडत नाहीत. मराठीतलं पहिलं वृत्तपत्र ‘दर्पण’ ६ जानेवारी १८३२ ला निघालं ते पाक्षिक म्हणून, आणि त्याच वर्षी मे महिन्यात साप्ताहिक झालं. त्याचे संपादक बाळशास्त्री जांभेकर यांच्यासारख्या माणसानं आधी जमेल तेवढं धरलं, मग वाढवलं. आपण उलटं करतो: रोजचं म्हणून सुरू करतो आणि महिन्याभरात ‘सवडीनुसार’ होतं. साप्ताहिक झेपत नसेल तर खुशाल पंधरवड्याला लिहा, पण फळ्याच्या माथ्यावर तसं रंगवून ठेवा, म्हणजे मधल्या आठवड्यात कुणी फसणार नाही.

आणि एक किमान अंक ठरवून ठेवा. लग्न असो, अंगात ताप असो, काहीच घडलेलं नसो, तरी एवढं तर लिहायचंच: तारीख, पाऊस, भाव आणि एक ओळ. पाच मिनिटांत होतं. किमान अंक लिहिलेला आठवडा चुकलेला धरायचा नाही.

रकाने

मी पाच रकाने सुचवतो: पाऊस, भाव, ग्रामपंचायत, माणसं, आणि एक मोकळा कोपरा. यातले पहिले दोन फळ्याचा कणा आहेत, म्हणून त्यांच्यावर जरा थांबतो.

पाऊस मोजायला शासकीय यंत्र लागत नाही. तळापासून तोंडापर्यंत सारख्याच रुंदीची, सपाट बुडाची, सरळ भिंतींची काचेची बरणी घ्या. तोंड निमुळतं असेल तर आकडा चुकतो. ती मोकळ्या जागी, झाडापासून आणि छपरापासून लांब, जमिनीपासून हात-दीड हात उंच बसवा. रोज सकाळी साडेआठला पट्टीनं पाण्याची उंची मिलिमीटरमध्ये मोजा आणि बरणी रिकामी करा. हवामान खातंही साडेआठचाच आकडा धरतं, त्यामुळे तुमचा आकडा महसूल मंडळाच्या (काही गावांच्या महसुली गटाच्या) आकड्याशी ताडून बघता येतो. फळ्यावर दोन गोष्टी लिहा: या आठवड्याचा पाऊस आणि १ जूनपासूनचा एकूण पाऊस.

हा दुसरा आकडाच लोकांना परत आणतो. जमिनीत पुरेशी ओल होईपर्यंत, म्हणजे ७५ ते १०० मिलिमीटर पाऊस झाल्याशिवाय पेरू नका, असं कृषी विभाग दरवर्षी सांगतो. पण आपल्या शिवारात नेमका किती झाला हे कास्तकाराला कोण सांगणार? तालुक्याला ९० असेल नि तुमच्या नाल्याच्या अलीकडं ४० असेल. मृगाच्या पहिल्या सरीला पेरणी उरकून दुबार पेरणीच्या खर्चात पडलेली माणसं प्रत्येक गावात आहेत. फळ्यावर ‘एकूण ५२’ दिसलं तर निदान पारावर चर्चा तरी होते. एक मिलिमीटर म्हणजे एकरी साधारण चार हजार लिटर पाणी, हे एकदा मोकळ्या कोपऱ्यात लिहा, पोरं आठवडाभर गुणाकार करतात. आणि २४ तासांत ६५ मिलिमीटरच्या वर पडला तर तो आकडा ठळक लिहा, कारण अतिवृष्टी धरताना महसूल मंडळात हीच मर्यादा पाहिली जाते. बरणीचा आकडा पंचनाम्यात पुरावा म्हणून चालत नाही, हेही तिथंच लिहून टाका. नाहीतर लोक फळ्याचा फोटो घेऊन तहसीलला जातात.

भावाच्या रकान्यात बहुतेक फळे एकच आकडा लिहितात, आणि तो असतो सगळ्यात वरचा. हे चुकीचं आहे. वरचा भाव एखाद्या गाडीला मिळालेला असतो, तो वाचून माणूस माल भरून निघतो आणि संध्याकाळी लिहिणाऱ्याला शिव्या देत परततो. बाजार समित्या किमान, कमाल आणि सर्वसाधारण असे तीन दर देतात. तुम्हीही तिन्ही लिहा आणि सर्वसाधारण दराखाली रेघ ओढा. समितीचं नाव आणि तारीख सोबत हवीच. हिंगणघाटचा कापूस आणि कारंज्याचं सोयाबीन एकाच ओळीत कोंबू नका. आदल्या दिवशीचा भाव असेल तर ‘कालचा’ असं स्पष्ट लिहा.

रकान्याच्या डोक्यावर त्या हंगामाचा हमीभाव हंगामभर राहू द्या. २०२५-२६ साठी मध्यम धाग्याच्या कापसाला ७,७१० रुपये, लांब धाग्याला ८,११०, सोयाबीनला ५,३२८ रुपये क्विंटल असा होता. वर हा आकडा नि खाली बाजाराचा, दोघांतली दरी न बोलता दिसते. सोबत एक बारकी ओळ: सीसीआयच्या (भारतीय कापूस महामंडळाच्या) खरेदीत ओलावा ८ टक्क्यांपर्यंत पूर्ण भाव, पुढं १२ टक्क्यांपर्यंत कपात, त्याच्या वर माल परत. सकाळी दवात वेचलेला कापूस तसाच गाडीत भरणाऱ्याला ही ओळ चार पैसे वाचवून देते. २०२५-२६ पासून सीसीआयला विकायला ‘कपास किसान’ ॲपवर नोंदणी लागू लागली आणि सातबारावर पिकाची नोंद हवी म्हणून ई-पीक पाहणी (मोबाइलवरून पिकाची नोंद) करणंही आलं. अशा कामांच्या शेवटच्या तारखा हा फळ्याचा सगळ्यात जास्त वाचला जाणारा मजकूर. तारीख जवळ आली की दर आठवड्याला ‘उरले इतके दिवस’ असं लिहा.

ग्रामपंचायतीचा रकाना कोरडा वाटतो, पण त्यात एक गोष्ट चुकू देऊ नका: ग्रामसभा. वर्षात किमान चार घ्याव्या लागतात, आणि गणपूर्ती १०० मतदार किंवा एकूण मतदारांच्या १५ टक्के, यातली कमी असेल ती. संख्या भरली नाही तर सभा तहकूब होते, आणि तहकूब सभेला गणपूर्तीचं बंधन नसतं. म्हणजे तुम्ही घरी बसलात तर ठराव थांबत नाहीत, पाच-दहा माणसांत होऊन जातात. विषयपत्रिका मिळवून फळ्यावर लिहा आणि ग्रामसभेआधीची महिला सभा वेगळ्या ओळीत लिहा. ती फारच कमी ठिकाणी कुणाला कळते. सभेनंतरच्या अंकात ठराव लिहा, मतप्रदर्शन न करता.

‘माणसं’ या रकान्यात जन्म, तेरवी, पास झालेली पोरं, सैन्यात निवड, नवी सून, निवृत्त झालेले गुरुजी. नावं शुद्ध लिहा. भावात दहा रुपयांची चूक लोक विसरतात, आडनावाची चूक दोन पिढ्या लक्षात ठेवतात.

सुरू करण्याआधी साठा

रंग वाळत असतानाच मोकळ्या कोपऱ्यासाठी सहा-सात अंकांचा मजकूर वहीत तयार हवा. हा कोपरा हंगामाच्या घाईत तुम्हाला वाचवतो. यात तारखेला न बांधलेला मजकूर ठेवा, कधीही टाकता येईल असा.

विषय गावातच पडलेले असतात. प्रत्येक वावराला नाव असतं: कुणाचं बाभुळबन, कुणाची पांढरी, कुणाची गायमुखाची पट्टी. ही नावं सातबारात नाहीत, म्हाताऱ्यांच्या तोंडी आहेत. दर आठवड्याला एक नाव आणि ते कसं पडलं. मग विहिरी. मग बंद पडलेल्या वस्तू, जसं मोटेचं सामान किंवा तिफणीचे भाग. पूर्वेकडच्या जिल्ह्यांत असाल तर दंडारीची (इथल्या लोकनाट्याची) जुनी सोंगं नि झाडीपट्टीच्या नाटकांत कोणी कोणती भूमिका केली होती, हा विषय वर्षभर पुरतो. वऱ्हाडातल्या गावात पोरींच्या भुलाबाईच्या सणाची गाणी आयाबायांकडून एकेक कडवं लिहून घेता येतील. सगळ्यांचे पाठ वेगवेगळे असतात, आणि ‘आमच्याकडं असं नाही म्हणत’ असं म्हणत एखादी बाई फळ्यासमोर थांबली की फळा चालू झाला असं समजा.

या कोपऱ्यात बोली खुशाल येऊ द्या. ग्रामसभेची सूचना प्रमाण मराठीत असली तरी इथं ‘गेलो होतो’ऐवजी ‘गेल्तो’ चालेल. शाळेतल्या गुरुजींना ते आवडणार नाही. चालायचंच.

कामाच्या ओळीही साठ्यात ठेवा, फक्त हंगामाप्रमाणे लावून. कपाशीला पात्या-फुलं लागायला लागली की गुलाबी बोंडअळीच्या सापळ्यांची ओळ: हेक्टरी पाच कामगंध सापळे (मादीच्या वासानं नर पतंग ओढणारे), आणि सलग तीन रात्री एका सापळ्यात रोज आठ पतंग आले तर फवारणीचा विचार. हे आकडे नागपूरच्या केंद्रीय कापूस संशोधन संस्थेच्या किंवा अकोल्याच्या कृषी विद्यापीठाच्या सल्ल्यातून घ्या. औषधाचं नाव मात्र फळ्यावर लिहू नका, सहायक कृषी अधिकाऱ्याला (आधीच्या कृषी सहायकाला) विचारा एवढंच लिहा. कृषी केंद्रवाल्याचा फळा होऊ द्यायचा नसेल तर ही रेघ पहिल्या दिवसापासून पाळा.

हात किती

किमान तीन. एक बातमी गोळा करणारा, एक लिहिणारा, एक वेळेला दोघांची जागा घेणारा. तिघांत एक तरी गावातच राहणारी, बाहेरगावी नोकरीला न जाणारी व्यक्ती हवी. माझ्या पाहण्यात आशाताई किंवा अंगणवाडी सेविका यासाठी सगळ्यात भरवशाच्या. त्या रोज घरोघरी जातात आणि त्यांना सगळं माहीत असतं. पण त्यांच्यावर आधीच कामांचा डोंगर आहे, म्हणून त्यांना लिहायला लावू नका, आठवड्यातून एकदा दोन मिनिटं विचारून घ्या.

लिहायला आठवी-नववीची मुलं घ्या, जोडीनं, महिन्याची पाळी लावून. अक्षर सुंदर नसलं तरी चालेल, सुटं आणि मोठं हवं. दहा फुटांवरून चष्म्याशिवाय वाचता आलं पाहिजे. तीन फुटांच्या फळ्यावर बारा-तेरा ओळींच्या वर जाऊ नका.

बातमीच्या जागा ठरलेल्या असतात: लाईनची पाळी वायरमनकडून, रेशन आल्याचं दुकानदाराकडून, पाण्याचं ग्रामपंचायतीच्या शिपायाकडून, एसटीच्या बदललेल्या वेळा थेट वाहकाकडून. या प्रत्येकाला एकदा समोर बसून सांगा की दर आठवड्याला अमुक दिवशी फोन येणार. दोन-तीन वेळा तुम्ही फोन केलात की चौथ्या वेळी तेच करतात.

पहिले दोन महिने

उद्घाटन करू नका. फीत, नारळ, पाहुणे, भाषण यात फळ्याचं सगळं कौतुक पहिल्याच दिवशी खर्च होतं, आणि ज्याच्या हस्ते उद्घाटन झालं त्याच्याच नावानं फळा ओळखला जातो. ‘आजपासून पुन्हा सुरू’ असंही लिहू नका. गावानं हे वाक्य याआधी वाचलेलं आहे. नुसती तारीख टाका आणि अंक लिहा. मधल्या बंद काळाबद्दल खुलासा नको, त्या काळातल्या राहून गेलेल्या बातम्या भरून काढणं तर मुळीच नको.

पहिले तीन-चार अंक कुणी वाचणार नाही. याची मनाची तयारी लिहिणाऱ्या पोरांचीही करून ठेवा, कारण इथंच ती गळतात. नंतर मोकळ्या कोपऱ्यात एखादा प्रश्न टाका: गावातली सगळ्यात जुनी विहीर कोणती? उत्तर पुढच्या बाजाराला. लोक एकमेकांशी वाद घालतील, एखादा म्हातारा स्वतःहून निरोप पाठवेल. ग्रुपवर फोटोखाली किती अंगठे आले हे मोजू नका, अंगठा वाचल्याशिवायही देता येतो. लिहायला तासभर उशीर झाला आणि कुणी ‘आज लिहिलं नाही का बे?’ असं विचारलं, तर फळ्याला वाचक मिळाले असं धरा.

तुटतो तेव्हा

तुटणार आहेच. जूनचा दुसरा-तिसरा आठवडा, दिवाळीनंतरची वेचणी, एप्रिल-मेमधली लग्नं, या तीन ठिकाणी. म्हणून या काळात आधीच किमान अंकावर या आणि साठ्यातला मजकूर वापरा. पोळ्याच्या आठवड्यात सुट्टी घ्यायची असेल तर आदल्या अंकात तसं लिहा. सांगून घेतलेली सुट्टी कुणी मोजत नाही. न सांगता एक वार चुकला तर पुढच्या वारी नेहमीसारखा अंक, एका शब्दाचाही खुलासा न देता. लागोपाठ दोन चुकले तर मात्र तिघांनी बसून कारण शोधा. बहुधा एकाच माणसावर सगळं येऊन पडलेलं असतं.

उन्हाळ्यात चंद्रपूर-अकोल्याकडं पारा ४५ च्या वर जातो तेव्हा पावसाच्या रकान्यात दिवसाचं कमाल तापमान आणि टँकरची वेळ लिहा. रकाना रिकामा ठेवला की बाकीचे चार पण रिकामे वाटायला लागतात.

काय लिहायचं नाही

कर थकवणाऱ्यांची नावं, कुणाचं कर्ज, कुणाच्या घरची सोयरीक मोडली, पोलीस ठाण्यात गेलेली तक्रार, शेतकरी आत्महत्येचं कारण. जात लिहायची नाही. मुलींचे फोटो-नंबर नाहीत. ग्रामपंचायतीची निवडणूक लागली की आचारसंहिता संपेपर्यंत पाऊस, भाव, तेरवी एवढंच ठेवा, कितीही बिनविषारी वाटणारी विकासकामाची ओळही नको. वाढदिवसाच्या शुभेच्छा सरसकट बंद ठेवा. एकदा सरपंचाचा लिहिला की उपसरपंचाचा लिहावा लागतो, मग पुढाऱ्यांची रांग लागते आणि फळ्याचा फ्लेक्स होतो.

चूक झालीच तर पुढच्या अंकात त्याच रकान्यात, तेवढ्याच आकाराच्या अक्षरात दुरुस्ती लिहा. गुपचूप पुसून बदललं तर वाचणाऱ्यांपैकी एकानं तरी पाहिलेलं असतं.

कुणी येऊन ‘हे पुसा’ म्हणालं तर लगेच पुसू नका आणि लगेच भांडूही नका. बातमी चुकीची असेल तर दुरुस्ती, खाजगी असेल तर पुसणं, नुसती गैरसोयीची असेल तर राहू देणं. हा निर्णय एकट्यानं घ्यायचा नाही, तिघांनी घ्यायचा. हे आधीच ठरलेलं असलं की दबाव एका पोरावर येत नाही.

पुसण्याआधी फोटो

दर आठवड्याला फडकं लावण्याआधी समोरून, सरळ, उजेडात एक फोटो. फोनमध्ये ‘गावफलक’ नावाचं वेगळं फोल्डर आणि प्रत्येक फोटोला तारखेचं नाव. याच्या जोडीला शंभर पानी वही: तारीख, आठवड्याचा पाऊस, एकूण पाऊस, तीन दर, लिहिणाऱ्याचं नाव. फोन हरवतो, वही राहते. एका वर्षात बावन्न बाजार होतात. तेवढे आकडे जमले की ‘मागच्या वर्षी याच आठवड्यात’ अशी ओळ फळ्यावर घालता येते, आणि नव्या मजकुराची चिंता निम्मी कमी होते. दुसऱ्या वर्षी फळा पहिल्यापेक्षा सोपा जातो तो यामुळे.

वर्षाअखेरीस सगळ्या फोटोंच्या प्रती काढून, शिवून, एक प्रत वाचनालयात आणि एक शाळेत ठेवा. यातून उत्साह वाढला आणि फळ्याचा छापील, नियमित, विकायचा किंवा वाटायचा अंक काढावासा वाटला तर आधी नोंदणीचं बघा. नियतकालिकांच्या नोंदणीचा १८६७ चा जुना कायदा जाऊन २०२३ चा नवा कायदा १ मार्च २०२४ पासून लागू झाला आहे, आणि अर्ज आता ऑनलाइन होतो. तोवर फळाच चालवा. त्याला लागतो तो खडू, आणि रंगाचा नवा हात दर वर्षी पावसाळ्याआधी, मेच्या शेवटच्या आठवड्यात द्यायचा, म्हणजे मृगापर्यंत फळा वाळून तयार असतो.